बंद शटरची मजुरी



ह्या मंडपात विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, हा माझा आजवरचा रिवाज. माझे शाळेतले शिक्षण नववीला संपले. त्यानंतर जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीतले जुने अहवाल, कोर्टांचे निकाल आणि वसंतातली अशी व्याख्याने ह्यांतून. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तिचा फायदा माझ्यासारख्या अर्धशिक्षितालाच सर्वांत अधिक झाला असेल. चालकांनी मला "श्रमाविषयी बोला" असे सांगितले. गिरणी, गोदी आणि रेल्वे ह्यांविषयी अधिकारी माणसांनी पुष्कळ बोलून ठेवले आहे. मी आज अशा एका कामाविषयी बोलणार आहे, की ज्याला लोकांच्या तोंडी अजून धड नावही नाही. सरकारी कागदावर त्याला प्रगणक किंवा अन्वेषक म्हणतात, कंपनीच्या कागदावर फील्ड एक्झिक्युटिव्ह म्हणतात, आणि दुकानदार आत वर्दी देतो, "तो सर्वेवाला आलाय."

शहरातली दुकाने, गाळे, कचेऱ्या, गोदामे, व्यापारी इमारती ह्यांची दारोदार फिरून नोंद करणारा हा माणूस. आता त्यात मुलीही पुष्कळ असतात. कोणी महानगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या पाहणीवर असतो, कोणी सरकारच्या आर्थिक गणनेवर, कोणी बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या कामावर, कोणी जागांचे भाव ठेवणाऱ्या खाजगी कंपनीसाठी. मालक वेगवेगळे, काम मात्र एकच. चालायचे, पाहायचे, विचारायचे, लिहायचे.

ह्यात कठीण ते काय, असे आपल्यातील कोणी म्हणेल. तेव्हा क्षणभर माझ्याबरोबर बाजारपेठेतल्या एका जुन्या इमारतीपाशी चला. तळमजल्यावर सहा शटरे आहेत आणि पाट्या नऊ आहेत. एका पाटीवरचे दुकान केव्हाच उठून गेले, पण पाटी काढायला शिडी कोण आणणार म्हणून ती तशीच आहे. एका शटरच्या आत दर्शनी भागात झेरॉक्स, मागे घड्याळदुरुस्ती, आणि लाकडी जिना चढून गेले की पोटमाळ्यावर चार मशीनवर चौघेजण ब्लाउज शिवताहेत. हे एक दुकान की तीन? पोटमाळा धरायचा की नाही? मालक म्हणतो, "वर नुसते सामान आहे." मशीनचा आवाज तर खाली ऐकू येतो आहे! पहिल्या मजल्यावर दारावर वकिलाची पाटी, आत क्लास चालतो. दुसऱ्या मजल्यावर राहते घर, आणि त्याच घरात दिवसभर पापडाचे पाकीट भरणे चाललेले. जागा मूळ पगडीची. कराच्या पावतीवर एक नाव, विजेच्या बिलावर दुसरे, गल्ल्यावर बसलेला तिसराच. तो तिसरा सर्वेवाल्याला पाहिल्याबरोबर विचारतो, "तुम्ही टॅक्सवाले का?" त्याची ती भीती घालवून त्याच्याकडून खरे उत्तर काढणे ही विद्या कोणत्या कॉलेजात शिकवतात? ती रस्त्यावरच शिकावी लागते, आणि शिकायला दोन उन्हाळे लागतात.

ही नोंद हवी कोणाला? ज्याला शहर चालवायचे आहे त्याला, आणि ज्याला शहरात सुरक्षित राहायचे आहे त्यालाही. ही गोष्ट सर्वांत आधी पैशाच्या भाषेत समजली ती विमेवाल्यांना. अमेरिकेत १८६७ साली सॅनबॉर्न नावाच्या मोजणीदाराने आगीच्या विम्यासाठी नकाशे काढण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्या कंपनीने तिथल्या सुमारे बारा हजार गावांचे आणि शहरांचे नकाशे केले. पन्नास फुटांना एक इंच अशा मापाने प्रत्येक इमारत काढलेली. विटेची असेल तर गुलाबी, लाकडी असेल तर पिवळी, दगडी असेल तर निळी. मजले किती, खिडक्या कोठे, आत बेकरी आहे की सुतारकाम, हे सगळे त्या कागदावर असे. इमारत बदलली की माणूस पुन्हा जाई, आणि दुरुस्तीची चिठ्ठी नकाशावर चिकटवली जाई. कचेरीत बसलेल्या विमेवाल्याला भिंत लाकडी की विटेची हे दिसत नव्हते. ते पाहायला कोणाला तरी पायी जावे लागे, आणि त्याने चूक लिहिले तर तोटा थेट विमेवाल्याच्या तिजोरीला बसे.

आपल्याकडेही ह्या कामाची परंपरा थोर आहे. धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी केली, तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. घराघरांतून आणि पेठापेठांतून फिरलेल्या अन्वेषकांच्या पायांवर तो ग्रंथ उभा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, आणि १९७७ साली पहिली आर्थिक गणना झाली. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी १३ लाख माणसे मोजली गेली. आस्थापनांच्या संख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल आपल्या महाराष्ट्राचा क्रमांक लागला. हे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. ह्यातला एकेक आकडा म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी दारात उभे राहून विचारलेला प्रश्न आहे, हे लक्षात ठेवून माझे पुढचे बोलणे ऐका.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. तो मजुरीचा आहे. युनियनचा माणूस दुसरे काय बोलणार, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबर आहे. परंतु ह्या कामात मजुरीचा प्रश्न हा केवळ मजुराचा राहत नाही. तो आकड्याच्या खरेपणाचा प्रश्न होतो.

पुष्कळ ठिकाणी हे काम आता कंत्राटावर आणि नगावर दिले जाते. एक अर्ज पूर्ण भरला की अमुक रुपये. आपण सोपे गणित मांडू. समजा, अर्जाला वीस रुपये दर आहे, आणि एका मुलाला दिवसाला साठ गाळ्यांची गल्ली दिली आहे. तो सकाळी निघतो. बावीस शटरे बंद आहेत. चौदा ठिकाणी "शेठ नाहीत, उद्या या" असे उत्तर मिळते. उरलेल्या चोवीस ठिकाणी अर्ज भरला जातो. चोवीस गुणिले वीस, म्हणजे चारशेऐंशी रुपये. साठही दारांशी तो गेला, जिने साठ गाळ्यांचे चढला, ऊन पूर्ण दिवसाचे घेतले. मजुरी मात्र चोवीस दारांची. दुसऱ्या दिवशी तो त्या छत्तीस दारांशी पुन्हा गेला तर दहा अर्ज मिळतील, म्हणजे दोनशे रुपये.

शेजारच्या गल्लीत त्याचा जोडीदार आहे. तो बंद शटरवरची पाटी वाचतो, शेजाऱ्याला विचारतो, उरलेले मनाने भरतो आणि संध्याकाळी साठ अर्ज देऊन बाराशे रुपये घेतो. खरे काम करणाऱ्याला चारशेऐंशी, खोटे करणाऱ्याला बाराशे. खोट्याला अडीचपट मजुरी! आणि मग आपणच म्हणतो, आजकालची पोरे प्रामाणिक राहिली नाहीत. अहो, ज्या दरपत्रकाने लबाडीला अडीचपट भाव दिला, ते त्या पोराने लिहिले काय?

बंद शटर ही रिकामी गोष्ट आहे, असे दरपत्रक करणाऱ्याला वाटते. मला तसे वाटत नाही. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत जाणारा मुलगा होतो. गिरण्यांची फाटके बंद झाली ती साऱ्या देशाने पाहिली. त्यावर पुस्तके झाली, नाटके झाली. परंतु आमच्या गल्लीत गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या बायांच्या खानावळी होत्या, सायकलवाला होता, पानपट्टी होती, शिंपी होता. ही दारे एकेक करून, आवाज न करता बंद झाली. फाटकाची बातमी झाली, खानावळीची झाली नाही. जे बंद पडते त्याचीही नोंद व्हावी लागते, नाहीतर कोणाचे किती गेले हे पुढे सांगता येत नाही. आणि सांगता आले नाही तर मागताही येत नाही. हा धडा मी त्या गल्लीत शिकलो आणि युनियनच्या कामात तो रोज उपयोगी पडला.

हीच गोष्ट देशाच्या पातळीवर घडलेली आहे. २०१६-१७ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने सेवाक्षेत्रातल्या धंद्यांची पाहणी केली. त्यासाठी कंपन्यांची नावे आणि पत्ते सरकारी नोंदवहीतूनच घेतले होते, आणि त्याच नोंदवहीतली माहिती राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबालाही वापरली जात होती. पाहणी करणारे पत्त्यावर गेले. २०१९ साली अहवाल बाहेर आला तेव्हा कळले, की यादीतल्या एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या एकतर सापडल्या नाहीत, किंवा बंद होत्या, किंवा कागदावर लिहिलेल्या धंद्यात नव्हत्या. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. हिशेबात त्याने किती फरक पडतो हे त्यांनी ठरवावे. तो माझा अधिकार नाही. मी इतकेच पाहतो, की देशाच्या नोंदवहीला पडलेले भोक दाखवले ते जिना चढून दार ठोठावणाऱ्याने. तेथे त्याला "सापडली नाही" असे लिहिण्याची सोय होती. ती नसती तर वहीतली कंपनी वहीतच सुखाने नांदली असती.

दुसरी बाजू जिवाची. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे मेली. गिरणीची जागा, तिच्यात कचेऱ्या, कचेऱ्यांच्या माथ्यावर उपाहारगृहे! शहर असे एकावर एक चढत जाते. रस्त्यावरून गच्ची दिसत नाही आणि परवान्याच्या कागदावर आडोशाचे छप्पर कशाचे आहे ते कळत नाही. नुसत्या नोंदीने आग विझत नाही हे मला कळते. परंतु कोणत्या जिन्यावर माल रचला आहे, कोणत्या पोटमाळ्यावर माणसे निजतात, हे ठाऊक नसेल तर बंबवाल्याने कोठे धावायचे? शिवाय २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली. त्यात दुकानदाराची सोय झाली हे खरे. पण ज्या दुकानात गुमास्ता इन्स्पेक्टर जायचा कमी झाला, तेथे काय चालते हे पाहणारा सर्वेवाला पुष्कळदा एकटाच उरला.

ह्यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकावे लागतात. पहिला असा, की आता उपग्रह आहेत, रस्त्यांची छायाचित्रे आहेत, मोबाइल आहे. माणूस कशाला हवा? उपग्रहाला छप्पर दिसते, गाडीवरच्या कॅमेऱ्याला पाटी दिसते. पोटमाळा दोघांनाही दिसत नाही. मोबाइलमध्ये मुलगा कोठे उभा होता हे उमटते. दार उघडले की नाही, आणि आतल्याने खरे सांगितले की नाही, हे उमटत नाही. यंत्राला माझा विरोध नाही. कागदाचे ओझे गेले, हे चांगलेच झाले. पण यंत्राने हजेरी घेतली म्हणजे काम तपासले, असे समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. नगावर दर नसेल आणि दिवसाचा पगार असेल, तर हे लोक झाडाखाली बसतील, मग काय करणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका फार मोठ्या माणसाने देऊन ठेवले आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी केली. अन्वेषक चुकतो, कधी बसूनही लिहितो, हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने घेतले, ते दोन वेगळ्या पथकांकडे दिले, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवले. आकडे जुळले तर विश्वास ठेवावा; फार फरक पडला तर काम कोठे बिघडले ते शोधावे. ही पद्धत जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांनी वाखाणली. मला तिच्यातले शहाणपण वेगळे वाटते. माणसाला उपाशी ठेवून त्याचा प्रामाणिकपणा मिळत नाही. त्याला पगार देऊन आणि त्याचे काम दुसऱ्या पगारी माणसाकडून ताडून पाहून तो मिळतो. तपासणीला कामगाराने भिण्याचे कारण नाही. खरे काम करणाऱ्याला तपासणीच तारते.

कायद्याचेही थोडे सांगतो, कारण ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ मुले गप्प बसतात. नगावर काम दिले म्हणजे किमान वेतनातून सुटका झाली, असा एक समज कंत्राटदारांनी पसरवला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच लिहिले होते, की नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. तो कायदा आता वेतन संहितेत सामावला. ती २०१९ साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी इतर तीन श्रमसंहितांबरोबर अमलात आली. त्या संहितांविषयी आम्हा कामगार संघटनांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण हे तत्त्व तिच्यातही टिकले आहे. आणि १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठच होय. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खाणीतला मजूर येतो. हातात मोबाइल आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पदवीधरही वेठीला लागू शकतो, हे आपण पाहिले पाहिजे.

मग ऊन. ही व्याख्यानमाला आपण संध्याकाळी भरवतो, कारण वैशाखातली दुपार कोणालाच सोसत नाही. हवामान खाते किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सपाटीवर ४० अंशांवर गेला की उष्णतेची लाट आली का हे पाहू लागते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ सालीच उष्णतेसाठी कृती आराखडा केला. बांधकामावरच्या आणि रस्त्यावरच्या मजुरांचा विचार अशा आराखड्यांत होतो. परंतु नगावर फिरणाऱ्या सर्वेवाल्याला दुपारी थांब म्हणणारा कोण? तो थांबला की त्याची कमाई थांबते. कारखान्यात पाणी आणि संडास देणे मालकावर बंधनकारक आहे. ज्याचा कारखाना म्हणजे अख्खी बाजारपेठ, त्याने कोठे जावे? मुलींची अडचण तर सांगायलाच नको. मुंबईत २०११ पासून बायकांच्या संघटनांनी स्वच्छतागृहांसाठी मोहीम चालवली, ती का चालवावी लागली हे दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्या बाईला विचारा. पुष्कळ मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्या उन्हात पाणी न पिता शहराची मोजदाद करतात, आणि आपण त्या मोजदादीला अचूक म्हणतो!

तेव्हा आमचे मागणे चार ओळींचे आहे. एक, पाहणीचे काम रोजाच्या पगारावर द्यावे. नगाचा हिशेब ठेवायचा तर वरकड बक्षिसासाठी ठेवावा, पोटासाठी नव्हे. दोन, "बंद", "सापडले नाही", "उत्तर दिले नाही" ह्या नोंदी पूर्ण काम म्हणून धराव्यात, आणि पुन्हा फेरी मारावी लागली तर तिचीही मजुरी द्यावी. तीन, काही ठराविक दारांशी दुसऱ्या पगारी माणसाने स्वतंत्रपणे जाऊन काम ताडून पाहावे. चार, उन्हाच्या तासांत सुटी, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय, आणि दारात दाखवायला असे पत्र की ज्यावर काम कोणाचे आहे आणि माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट छापलेले असेल. ह्याला खर्च येईल काय? येईल. पण खोट्या आकड्यावर बांधलेला रस्ता, चुकीच्या ठिकाणी नेलेले पाणी आणि न बसवलेला कर ह्यांचा खर्च कोण भरतो? तोही आपणच भरतो. फक्त त्याची पावती मिळत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकजण दुकानदार आहेत, कोणी महानगरपालिकेत आहेत, कोणी बँकेत. तुमच्याकडे मोठे काही मागत नाही. तुमच्या दारात सर्वेवाला आला तर त्याचे पत्र जरूर तपासा. ते बरोबर असेल तर त्याला आत घ्या, पाणी द्या आणि खरे सांगा. जे सांगायचे नसेल ते "सांगत नाही" असे स्पष्ट सांगा, पण त्याला खोटे लिहायला लावू नका. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या टेबलावर अशा कामाची निविदा येते, त्यांनी सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ह्या दरपत्रकात बंद शटरला किती रुपये लिहिले आहेत? उत्तर "शून्य" असेल, तर जो अहवाल तुमच्यापुढे येणार आहे त्याची किंमतही तेवढीच समजा.